लोखंडी पाण्याचं इंग्रजी

पारामारिबो, सुरिनाम,
सोमवार, सकाळ

प्रिय वाल्डो,

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र रागानं वाचायचं की हसत, ते तुझं तू ठरव. माझ्या परसात विहीर नाही. कधीच नव्हती. माझ्या नळाला पाणी येतं, चांगलं येतं. जिच्या तांबूस पाण्याबद्दल गेलं वर्षभर दर रविवारी फोनवर मी तुला प्रश्न विचारून भंडावून सोडलं, ती विहीर मी माझ्या डोक्यात खणलेली होती. तू मात्र काळजीनं रॉटरडॅमहून पाणी तपासायच्या कागदी पट्ट्यांचं पुडकं पाठवलंस आणि वर बजावलंस, "म्युरिएल, ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस, आणि उकळलंस तरी पिऊ नकोस." पट्ट्या वाया गेल्या नाहीत, कुठे कामाला आल्या ते पुढे सांगते. आधी खुर्चीत नीट टेकून बस. पाणी शुद्ध करायचं तुझं डच पुस्तक इंग्रजीत आलं. सगळंच्या सगळं. आणि ते बरोबर आहे, वाल्डो, आकड्यांसकट बरोबर आहे.

तू आता काय म्हणतोयस ते मला इथपर्यंत ऐकू येतंय. या पुस्तकाची एक ओळही कुणा भाषांतरकाराच्या हाती लागू देणार नाही, अशी तू शपथ घेतली होतीस. कारणही तसंच होतं. बार्बाडोसच्या त्या पाणी-परिषदेला तू नवा सूट शिवून गेला होतास. पुस्तक गावोगावच्या पंपवाल्यांसाठी लिहिलेलं, म्हणून चुन्याचं माप तू किलोत न देता आटवलेल्या दुधाच्या डब्यात दिलं होतंस. आपल्याकडे घरोघरी तो डबाच माप असतो, बाजारात तांदूळसुद्धा त्यानंच मोजतात. इंग्रजी करायला नेमलेल्या गृहस्थानं डबा म्हणजे साधारण किलोभर असेल असं ठोकून दिलं, कुणाला विचारलं नाही. मग सभेतला कुणी जमैकाचा माणूस उठून म्हणाला, "एवढ्या चुन्यानं पाणी शुद्ध होईल की नाही देव जाणे, पण घर नक्की रंगवून होईल." सगळी सभा हसली. तू परत आलास तो तोंडात मिठाची गुळणी धरून, आणि वर्षाच्या आत हॉलंडच्या विमानात बसलास. मी आईला आणि शाळेला सोडून येणार नव्हते, तू इथे राहणार नव्हतास. त्याबद्दल आपण तेव्हाही फार बोललो नाही.

गेल्या वर्षी नदीच्या पलीकडून, गयानातून, मिस फ्रेझर नावाची एक तरुण पाणी-इंजिनिअर माझ्या दारात उभी राहिली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिला माझा पत्ता दिला होता. तिच्या किनाऱ्यावरच्या गावांत बोअरच्या पाण्यात इतकं लोखंड, की चहात ते पाणी घातलं तर चहाची शाई होते आणि मुलांचे शाळेचे पांढरे शर्ट दोन धुण्यांत तांबडे होतात. मी म्हटलं, हे मला काय सांगतेस, आमच्याकडेही पूर्वी तेच होतं. तीच चिकणमाती, तेच पाणी, मध्ये फक्त एक नदी आणि दोन भाषा. ती म्हणाली, "वरचे लोक परदेशी यंत्रं घ्यायची म्हणतायत. दोन वर्षं चालतील, मग एखादा सुटा भाग मिळणार नाही, आणि आमच्या बाया पुन्हा शाई पीत बसतील. पुढच्या वर्षीचा मोठा पाऊस संपला की निर्णय आहे. त्याआधी याहून सोपी रीत कुणी लिहून ठेवली असेल, तर मला दाखवा." मी उठले आणि कपाटातून तुझं पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. वाळूच्या, शिंपल्यांच्या थरांच्या आकृत्या बघून पोरीचे डोळे असे चमकले म्हणून सांगू! मग तिनं मान वर केली. "मिस, चित्रं सोडली तर यातलं मला एक अक्षर कळत नाही. हे इंग्रजीत आणून द्या. नाहीतर ते मोटारी विकल्यासारखी यंत्रं विकून जातील."

झालं, माझी वणवण सुरू झाली. वर्तमानपत्रात दिलं, रेडिओवर सांगितलं, चर्चच्या फळ्यावर लावलं: डचमधून इंग्रजीत भाषांतर करणारे हवेत, रसायनशास्त्र समजणारे हवेत. अरे, आपल्या माणसाला इंग्रजी येतं का असं विचारणं म्हणजे त्याच्या आईला स्वयंपाक येतो का असं विचारणं! टीव्हीवर इंग्रजी सिनेमे बघत वाढलेला जो तो छाती पुढे काढून आला. मायामीला राहून आलेला एक बँकवाला आला. एक पाद्री आला, त्याच्या इंग्रजीत पाण्यातलं लोखंड म्हणजे पाप झालं आणि गाळणी म्हणजे कृपा. हॉलंडहून इथे उमेदवारीला आलेली एक सायकलवाली मुलगी आली, गोड पोर, तिची वाक्यं इस्त्री केल्यासारखी. माझ्या भाच्यानं, रॉयनं, पान कॉम्प्युटरला खाऊ घातलं, आणि त्यानं पापणी लवायच्या आत इतकं सफाईदार इंग्रजी बाहेर टाकलं की रॉय म्हणाला, "मावशी, संपलं तुमचं काम, आता बिअर काढा." मी सगळ्यांना एकच पान दिलं होतं, तुझं चुन्याचं पान, आणि खरं सांगू, मी भाषांतर बघतच नव्हते. मी प्रश्नाची वाट बघत होते. ज्या पोराला शंका येत नाही त्याच्या हातात परीक्षानळी देऊ नये, एवढं तर जन्मभर रसायन शिकवून मला कळलंच आहे. बँकवाल्याला शंका नव्हती, पाद्र्याला तर नव्हतीच, मुलीला नव्हती, कॉम्प्युटरला नव्हती. प्रत्येकानं पानातला डबा तसाच उचलला आणि पुढे चालू लागला. मी एकेकाला आल्याचं सरबत पाजलं आणि वाटेला लावलं. पाऊस पडत होता, पंचांगाची पानं उलटत होती, आणि मला वाटायला लागलं की वाल्डोचंच खरं, असा माणूस आईच्या पोटी जन्मलाच नाही.

आणि मग निकेरीच्या बसमधून इंद्रावती बालदेव उतरली. सीमेवरच्या त्या गावात तिचं औषधांचं दुकान आहे. फार्मसी ती इथे आपल्या डचमध्ये शिकली, आणि सासू गयानाची, त्यामुळे लग्न झाल्यापासून घरातलं भांडण, लाड, हिशेब, सगळं इंग्रजीत. हातात कापडी पिशवी. दारातूनच म्हणाली, "बाई, मी पान लिहून आणलेलं नाही, आधीच सांगते." माझं तोंड पडलं. तिनं पिशवीतून दुधाचे दोन रिकामे डबे काढून टेबलावर ठेवले. "हा आपल्याकडचा. हा सासूबाईंच्या भावाकडून मागवला, पलीकडचा. बघा, पलीकडचा बोटाच्या पेराएवढा जास्त उंच आहे. मग घ्यायचा कुठला? चुना कळीचा की विझवलेला? कोरडा की भिजलेला? डबा शिगोशीग भरायचा की सपाट? आणि बाजारातली बाई तांदूळ मोजताना डबा दोनदा आपटते, मग हातानं सपाट करते, तसं करायचं का? पुस्तकातले काका डबा आपटतात की नाही, ते कळल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. पाणी लोकांच्या पोटात जायचंय." मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारलीच. बिचारी घाबरली.

पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो शपथ घेऊन बसला होता. म्हणून त्या रविवारी माझ्या परसात विहीर खणली गेली. तोवर आपण एकमेकांना फोन करायचो ते नव्या वर्षाला आणि वाढदिवसाला, तब्येत बरी आहे ना, आहे, हवा कशी आहे, थंड आहे. त्या दिवशी मी डब्याचं विचारलं आणि तू ओरडलासच, "दोनदा आपट आणि हातानं सपाट कर, बये! बाजारात कधी पाऊल टाकलं नाहीस का?" आणि मग तासभर बोलत राहिलास. चुना विझवलेलाच का, कोरडाच का, कुठल्या पंपवाल्यानं ओला घातला आणि सगळ्या गावाची कशी धांदल उडाली. मध्येच हसलास. ते हसणं मी किती वर्षांनी ऐकत होते ते तुला कळलं नसेल. पुढच्या रविवारी तूच फोन केलास, "काय म्हणते तुझी विहीर?"

दुसरा माणूस मिळाला तो कॉम्प्टन सेम्पल. मूळ गयानाचा, आयुष्य गेलं पारामारिबोत इंग्रजी शिकवण्यात. रसायनाच्या नावानं ठणठण गोपाळ, आणि ते तो मान वर करून सांगतो. "मिस म्युरिएल, मीठ आणि साखर यातला फरक मी चाखून सांगतो. पण माझा चुलतभाऊ गावचा पंप सांभाळतो, त्याला कळेल असं इंग्रजी मी लिहीन. प्रोफेसरांना नाही कळलं तरी चालेल." दर शनिवारी माझ्या मागच्या व्हरांड्यात ही दोघं समोरासमोर बसायची. इंद्रावती डच वाक्य वाचून त्याचं इंग्रजी सांगायची आणि सेम्पल तिच्याशी भांडायचा. असं भांडण मी माझ्या दोन मावशांमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या जावानीज बाईकडून सावतो सूप आणून ठेवायची, ते निवून जायचं. एकदा इंद्रावतीनं सांगितलं, "लोखंडाचं ऑक्सिडीकरण पूर्ण होईपर्यंत पाणी टाकीत राहू द्यावे." सेम्पल म्हणाला, "पूर्ण झालं हे माझ्या चुलतभावाला कोण सांगणार? लोखंड चिठ्ठी पाठवणार आहे का?" ती चिडली, "डचमध्ये एवढंच लिहिलंय!" तो म्हणाला, "मग डच अपुरं आहे." तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि मला म्हणाली, "बाई, हे बरोबर बोलतायत. विचारा काकांना." मी रविवारी विचारलं. तू म्हणालास, त्यात काय, टाकीत दोरीनं नक्षीची बशी खोल सोडून बघ, तांबडा गाळ खाली बसला आणि वरून बशीवरची फुलं दिसली की झालं. वाल्डो, ही बशी तुझ्या पुस्तकात कुठेच नाही! तुला ते इतकं साधं वाटलं की तू लिहिलंच नाहीस. इंग्रजी पुस्तकात ती आहे. अशा डझनांनी गोष्टी आहेत. तेव्हा रागावू नकोस, पण इंग्रजी तुझ्या डचपेक्षा काकणभर सरसच झालं आहे.

पुस्तक पुरं झालं तेव्हा यंदाचा पाऊस शेवटच्या सरींवर आला होता. मिस फ्रेझरनं ते वाचलं, म्हणाली वरच्यांना दाखवण्याआधी एक परीक्षा होईल, आणि तिची अट मोठी वस्ताद होती. पलीकडच्या बेटरव्ह्यू नावाच्या गावात टाकी बांधून ठेवीन, वाळू-शिंपले पुस्तकाप्रमाणे भरून ठेवीन, पण पाणी गावचा पंपवाला करणार, पुस्तक वाचून. तुम्ही तिघांनी यायचं, बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. "पुढच्या गावात तुम्ही नसणार," ती म्हणाली, "पुस्तकच असणार." आम्ही फेरीनं नदी ओलांडली. मैदानात अख्खं गाव जमलेलं, यंत्रं घ्या म्हणणारे दोन साहेबही सावलीतली खुर्ची धरून बसलेले. पंपवाला मोझेस, दांडगा माणूस, पण अक्षराखाली बोट धरून वाचणारा. त्यानं पुस्तकात सांगितलेला आपल्याकडचा बुटका डबा घेतला आणि, देवा रे, चुन्यानं शिगोशीग भरला. इंद्रावतीनं माझा हात इतका दाबला की तिच्या अंगठीचा वळ उमटला. सेम्पल तर आभाळाकडे बघायला लागला. मोझेस टाकीच्या काठापर्यंत गेला, थांबला, परत आला, बोट ओळीवर ठेवून मोठ्यानं वाचलं, "डबा टेबलावर दोनदा आपटा, जसा दुकानदार आपटत नाही पण तुमची आई आपटते." सगळ्या बाया खदाखदा हसल्या. ते वाक्य सेम्पलचं बरं का, तुझं नव्हे. मोझेसनं डबा आपटला, हातानं सपाट केला, आणि मगच टाकीत ओतला.

बशीवरची फुलं दिसायला जो वेळ लागला तो लागला, मला तर वर्ष वाटलं. मोझेसनं तोटी सोडली आणि पाणी आलं ते गढूळ, चक्क तांबडं. साहेबांपैकी एक हसला. गर्दीतून कुणी ओरडलं, "सुरिनामहून येऊन आम्हाला आमचाच चिखल विकतायत!" वाल्डो, मी तोंड उघडणारच होते, शपथ. पण मोझेस शांतपणे पुढची ओळ शोधत होता. त्यानं वाचलं, "पहिलं पाणी गढूळ येईल. फेकून द्या. घाबरू नका, हसणाऱ्यांकडे बघू नका." मैदानावर एकदम हशा झाला, आणि आता तो त्या साहेबावर होता. मग पाणी निवळत गेलं. आधी फिकट, मग पांढुरकं, मग नितळ. मिस फ्रेझरनं तू पाठवलेली पट्टी त्यात बुडवली, रंग बघितला, दुसरी बुडवली, तिसरी बुडवली. मग ती पट्टी सगळ्यांना दाखवत फिरली. पण खरा निकाल दिला तो मिस आयव्हीनं, गावातली सगळ्यात जुनी बाई. तिनं तिथेच चूल मांडून त्या पाण्याचा चहा केला, कपात ओतला, डोळे बारीक करून बघितला आणि कडाडली, "चहा पातळ कुणी केला? रंग कुठाय याचा?" बाईनं जन्मात काळाच चहा पाहिलेला! मग घोट घेतला. परत घेतला. कप सुनेच्या हातात देऊन म्हणाली, "अगं, चहाला चव असते."

मी रडले. अगदी भोकाड पसरून. इंद्रावती आणि सेम्पल एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते, तोंड उघडायचं नाही ही अट केव्हाच पाण्यात गेली होती. यंत्रवाले साहेब चहा न घेता गेले. त्या आठवड्यात निर्णय झाला: किनाऱ्यावरची सगळी गावं तुझ्या रीतीनं. पुस्तक छापून आलं, वर ठसठशीत तुझं नाव, खाली त्या दोघांची. मिस फ्रेझरनं विचारलं होतं, लेखक हयात आहेत का? मी म्हटलं, हयात आहे, तोंडाळ आहे, आणि आयुष्यात एकदाच हरलाय, तेही दुसऱ्याच्या चुकीनं. ती म्हणाली, "मग आता तो हिशेब मिटला." मिटला, वाल्डो. आज कुणी तुझ्यावर हसायला उभं राहिलं, तर बेटरव्ह्यूच्या बाया त्याला झाडूनं झोडपतील.

ही बातमी मला फोनवर सांगता आली असती. काल तुझा फोन आला तेव्हा सांगणारच होते. तू विचारलंस, "मग, आज काय प्रश्न?" आणि माझ्याकडे प्रश्नच नव्हता. पुस्तक संपलं, शंका संपल्या. तू म्हणालास, "बरं तर," आणि फोन ठेवलास. मी ती दुपार कशी काढली ते मलाच ठाऊक. मी फ्रिट्सशी संसार केला, चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल मी वावगं ऐकून घेणार नाही. पण तो जाऊन सात वर्षं झाली, आणि या एका वर्षात मी रविवारची जशी वाट पाहिली तशी वयाच्या विशीत पाहिली होती, तेव्हाही तुझीच. त्या दोघांना मी गावांसाठी शोधलं हे खरं, पण इंद्रावती दर शनिवारी निघताना नव्या शंका हातात ठेवायची तेव्हा मला गावं आठवायची नाहीत, तुझा आवाज आठवायचा. ते मला फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून हे पत्र. तिथे तुला एका खोलीत थंडी सोसत बसायला काय राहिलंय? इथे तुझ्या पाण्यावर किनारा चहा पितोय, आणि माझ्या घरात माणसाला पुरेल एवढी जागा आहे. लोक बोलतील. बोलू देत, या वयात ती चैन आपल्याला परवडते. फोनवर मला कारणं सांगत बसू नकोस, तुझी कारणं मला पाठ आहेत. तिकीट काढ.

तुझीच, आणि हे तुला तेव्हाही ठाऊक होतं,
म्युरिएल